चित्रित लेणे आणि मिटलेले डोळे
बौद्ध योगाभ्यासातील चित्रांच्या स्थानाविषयी

विसुद्धिमग्गाच्या पहिल्या प्रकरणात, शीलनिर्देशामध्ये, इंद्रियसंवराचे विवेचन चालू असता आचार्य बुद्धघोष एका स्थविरांची कथा सांगतात. सिंहलद्वीपातील कुरण्डक नावाच्या महालेण्यात चित्तगुत्त नावाचे स्थविर राहत असत. त्या लेण्यात सात बुद्धांच्या अभिनिष्क्रमणाचे मनोहर चित्र रंगविलेले होते. एकदा निवासस्थाने पाहत फिरणारे बरेच भिक्खू तेथे आले, त्यांनी ते चित्र पाहिले आणि स्थविरांपाशी त्याची प्रशंसा केली. साठाहून अधिक वर्षे त्या लेण्यात काढलेल्या स्थविरांना तेथे चित्र आहे की नाही याचीही वार्ता नव्हती. डोळस मंडळी आली म्हणून ते आज आपल्याला कळले, असे त्यांनी सांगितले. लेण्याच्या दाराशी एक मोठा नागवृक्ष होता. त्याकडेही त्यांनी कधी मान वर करून पाहिले नव्हते. दरवर्षी भुईवर केसर पडलेले दिसले की झाड फुलले एवढे ते जाणत.

ही कथा आपण सहसा उपदेशकथा म्हणून वाचतो आणि पुढे जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिच्यापाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात लिहिणाऱ्या आचार्यांना चित्रित लेण्यात साधक राहतो यात काहीच विशेष वाटत नाही. चित्र चांगले आहे, हे कथेत कोणी नाकारत नाही आणि ते पुसून टाकावे असेही कोणी सुचवीत नाही. पाहुणे चित्र पाहतात, निवासी साधक पाहत नाही. आणि दोघेही आपापल्या जागी योग्यच वागत आहेत, अशा सुरात कथा सांगितली आहे. मग भिंतीवरची चित्रे नेमकी कोणासाठी होती?

हा प्रश्न केवळ पुराणवस्तूंचा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांत, आणि त्यांच्या अनुकरणाने इतरत्रही, एक नवीन प्रकारचा योगवर्ग रूढ होत आहे. मोठ्या दालनाच्या चारही भिंतींवर, जमिनीवर आणि कधी छतावरही प्रोजेक्टरच्या साहाय्याने हलती चित्रे पाडली जातात आणि त्यांच्या मधोमध चटया अंथरून लोक आसने व ध्यान करतात. उत्तर अमेरिकेत २०२१ च्या सुमारास व्हॅन गॉग या डच चित्रकाराच्या चित्रांची अशी प्रदर्शने भरली, तेव्हा त्या दालनांत असे वर्ग झाले. साधकाला चित्राने सर्व बाजूंनी वेढून टाकले की त्याचे मन आपोआप एकाग्र होते, अशी त्यामागील कल्पना आहे. या प्रकाराच्या समर्थनार्थ आता बौद्ध लेण्यांचा दाखला दिला जाऊ लागला आहे. अजिंठा आणि तुनह्वांग येथील प्राचीन भिक्खूंनी नेमके हेच केले, चित्रांनी वेढलेल्या गुहेत बसूनच ते ध्यान करीत, असे ठामपणे सांगितले जाते. आमच्या विहाराच्या ध्यानवर्गात अजिंठ्याची चित्रे भिंतभर दाखवावीत अशी सूचना काही तरुण उपासकांनी गेल्या वर्षी केली, तेव्हा त्यांनीही हाच आधार पुढे केला. त्यांची तळमळ खरी आहे, यात मला शंका नाही. पण आधार खरा आहे का, हे पाहावयास हवे.

आरंभ विनयापासून करू. पाली चुल्लवग्गात, सेनासनक्खंधकात, छब्बग्गिय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढविल्याचा प्रसंग आहे. विहार पाहावयास आलेल्या लोकांनी त्यावर टीका केली आणि भगवंतांनी अशा चित्रांना मनाई केली. फुलांच्या माळा, वेली, मकरदंत आणि पट्ट्यांची नक्षी यांना तेवढी अनुज्ञा दिली. मूलसर्वास्तिवादी विनयाची भूमिका वेगळी आहे. इत्सिंगने केलेल्या त्याच्या चिनी अनुवादात आणि तिबेटी अनुवादातही अनाथपिण्डदाने जेतवन रंगविण्याची अनुज्ञा मागितल्याचा प्रसंग येतो आणि तेथे कोणत्या जागी काय काढावे याची यादीच मिळते. बाहेरच्या दारावर दंडधारी यक्ष, देवडीत महाप्रातिहार्य आणि संसाराचे चक्र, पडवीत जातकमाला, भोजनशाळेत अन्न घेतलेले यक्ष, जलगृहात पाण्याची भांडी घेतलेले नाग, रुग्णशाळेत आजाऱ्याची शुश्रूषा करणारे तथागत. या यादीत एक गृहस्थी व्यवहारीपणा आहे. ज्या खोलीचे जे काम, तिचे तसे चित्र. आणि भिक्खूच्या राहण्याच्या कोठडीला यादीने काय दिले? हाडांचा सापळा आणि कवट्या.

म्हणजे चित्रांना सर्वांत मोकळेपणाने वाव देणारा विनयदेखील शोभिवंत चित्रे दारात, देवडीत, पडवीत आणि सामुदायिक शाळांमध्ये ठेवतो. जेथे भिक्खू एकटा बसतो तेथे अशुभभावनेचा विषय तेवढा ठेवतो. देवडीतील चक्राबाबत दिव्यावदानाच्या सहसोद्गतावदानात आणखी एक मोलाची माहिती आहे. ते चक्र केवळ काढून ठेवणे पुरेसे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या ब्राह्मण-गृहपतींना ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्खू नेमावा, असे तेथे म्हटले आहे. चित्र पुरेसे बोलके नाही, त्याला वाणीची जोड हवी, ही जाणीव या नेमणुकीत दिसते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ओसरीच्या डाव्या टोकाला या चक्राचे अवशेष आजही आहेत. ग्रंथात सांगितलेल्या जागी, म्हणजे प्रवेशापाशी, उजेडात.

आता प्रत्यक्ष साधनेच्या विधीकडे वळू. या बाबतीत मराठी वाचकाने धर्मानंद कोसंबींचे ऋण विसरू नये. गोव्यातून बाहेर पडलेल्या या एकाकी विद्यार्थ्याने सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात पाली आत्मसात केली. वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुऱ्या राहिलेल्या विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते १९१० मध्ये हार्वर्डला गेले. त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्ये मुंबईत प्रसिद्ध केली, आणि 'समाधिमार्ग' लिहून त्यातील विषय मराठीत आणला. त्यांच्यामुळे ज्या ग्रंथापर्यंत आपण सहज पोहोचू शकतो, त्यातील पृथ्वीकसिणाचा विधी पाहावा.

साधकाने अरुणवर्णाची माती घ्यावी. निळी, पिवळी, तांबडी, पांढरी माती टाळावी. त्यातील गवत, मुळे, खडे, वाळू काढून टाकून ती चांगली मळावी आणि एक वीत चार अंगुळे रुंदीचे गुळगुळीत मंडल तयार करावे. त्यापासून अडीच हात अंतरावर बेताच्या उंचीच्या आसनावर बसावे. डोळे फार ताणून उघडू नयेत, फार मिटूही नयेत. कधी डोळे उघडून, कधी मिटून त्या मंडलाकडे लक्ष द्यावे. डोळे मिटल्यावरही ते उघड्या डोळ्यांना दिसावे तसे दिसू लागले, म्हणजे उग्गहनिमित्त सिद्ध झाले. आणि मग, येथे आचार्यांचा उपदेश लक्षात घेण्यासारखा आहे, साधकाने त्या जागी बसून राहू नये. आपल्या निवासस्थानी परतावे आणि तेथे बसून निमित्ताची वाढ करावी. काही कारणाने ते नाहीसे झाले तर एका तळाच्या वहाणा घालाव्यात, हाती काठी घ्यावी, मंडलापाशी जावे, निमित्त पुन्हा ग्रहण करावे आणि परत यावे.

वहाणा आणि काठी! शास्त्रग्रंथात असे बारकावे आले की त्यामागे कोणाचा तरी प्रत्यक्ष अनुभव असावा असे वाटू लागते. पाहण्याची जागा आणि भावनेची जागा यांच्यामध्ये चालून जाण्याइतके अंतर आहे. बाहेरचे रूप लहान, स्थिर, जवळजवळ बेरंग आहे आणि ते सोडून जाण्यासाठीच आहे.

हा विधी थेरवादाचा खास कोरडेपणा आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसऱ्या टोकाचा पुरावा पाहू. कुमारजीव हे मध्य आशियातील कुचा राज्याचे रहिवासी. पिता भारतीय, माता कुचाच्या राजघराण्यातील. ४०१ मध्ये ते चांगआनला पोहोचले आणि तेथे त्यांनी अनेक ग्रंथांबरोबर ध्यानविषयक एक संकलनही चिनी भाषेत सिद्ध केले. त्यात बुद्धानुस्मृतीचा विधी आहे. नवशिक्या साधकाला बुद्धमूर्तीपाशी न्यावे, किंवा त्याने स्वतः जावे. मूर्तीची एकेक लक्षणे नीट पाहून घ्यावीत. मग एकांत स्थळी परतून मनश्चक्षूने ती मूर्ती पाहावी. मन भरकटले तर त्याला पुन्हा मूर्तीवर आणावे. अनुराधपूर आणि चांगआन यांच्यामध्ये हजारो कोसांचे अंतर, भाषा निराळ्या, संप्रदाय निराळे. आणि विधी मात्र एकच. पाहा, निघून जा, डोळे मिटा.

कुमारजीवांच्या कुचापासून जवळच किझिलची लेणी आहेत. दोनशेहून अधिक लेण्यांचा हा समूह. नीलाश्माच्या गडद निळाईने आणि चौकटी-चौकटींच्या पर्वतरांगांनी भरलेली त्यांची छते छायाचित्रात पाहिली तरी माणूस स्तिमित होतो. १९०२ ते १९१४ या काळात जर्मन संशोधकांच्या चार मोहिमा या प्रदेशात आल्या आणि भिंती कापून पुष्कळ चित्रे बर्लिनला घेऊन गेल्या. त्यांतील काही दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बवर्षावात कायमची नष्ट झाली. चित्रांबरोबर हस्तलिखितांचे तुकडेही गेले. त्यांत भूर्जपत्रावरील एक संस्कृत ग्रंथ होता. त्याचे मूळ नाव हरवलेले आहे. डीटर श्लिंगलॉफ यांनी १९६४ मध्ये तो संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला 'बौद्ध योगाचे पाठ्यपुस्तक' अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. हेच श्लिंगलॉफ पुढे अजिंठ्याच्या कथाचित्रांची ओळख पटविणारे अग्रगण्य अभ्यासक ठरले, हा योगायोग आपल्या विषयाला साजेसा आहे.

या ग्रंथात साधकाला 'योगाचार' म्हटले आहे. तो शब्द येथे त्या नावाच्या दर्शनाचा वाचक नसून योग आचरणाऱ्याचा वाचक आहे. विषय परिचित आहेत: आनापानस्मृती, धातू, स्कंध, प्रतीत्यसमुत्पाद, मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, अनुस्मृती. परंतु त्यांची मांडणी आपल्याला चकित करते. श्वासाकडे लक्ष देणाऱ्या योगाचाराच्या देहातून प्रवाह निघतात, बुद्धांच्या आकृती बाहेर पडतात, दिशा भरून टाकतात आणि परत त्याच्याच देहात शिरतात. प्रकाश, रत्ने, कमळे, समुद्र. भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवावे असेच हे सारे आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण या ग्रंथात प्रतिमांचा उगम कोठे आहे ते पाहावे. त्या भिंतीवरून साधकाकडे येत नाहीत. त्याच्या देहातून निघतात आणि देहात विरतात. ग्रंथाच्या दृष्टीने त्या एकाग्रतेचे फळ आहेत. आजच्या दालनात त्याच एकाग्रतेचे साधन म्हणून बाहेरून पुरविल्या जातात. क्रम नेमका उलटला आहे.

भिंतींवरच्या चित्रांत ध्यान करणारे भिक्खू दिसतात, ही गोष्ट मात्र खरी आहे. किझिलमध्ये कवटीसमोर बसलेला भिक्खू दिसतो. तुर्फानजवळच्या तोयोक येथील २० आणि ४२ क्रमांकांच्या लेण्यांत आसनस्थ भिक्खू आणि त्यांच्यासमोर त्यांच्या ध्यानाचा विषय अशी दृश्ये आहेत. जपानी विद्वान नोबुयोशी यामाबे यांनी चिनी भाषेतील बुद्धदर्शनसमाधीच्या सूत्रांशी त्यांचा संबंध तपासला आहे. तुनह्वांगच्या सुखावतीचित्रांच्या कडांना राणी वैदेहीच्या सोळा भावनांची लहान चित्रे असतात. पुत्र अजातशत्रूने कैदेत टाकलेली ती माता मावळता सूर्य, मग पाणी, मग बर्फ, मग वैडूर्याची भूमी असे क्रमाने मनासमोर आणते. या सर्व चित्रांत साधक एका बाजूला आणि विषय त्याच्या पुढ्यात असतो; चित्र साधकाला वेढीत नाही. ही ध्यानाची चित्रे आहेत. ध्यानासाठी चित्रे, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळा आहे आणि तो वेगळा सिद्ध करावा लागेल.

तुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांतील २८५ क्रमांकाचे लेणे या वादात नेहमी पुढे येते. त्यात ५३८ आणि ५३९ या वर्षांचे लेख आहेत. दोन्ही बाजूंना एका माणसाला जेमतेम बसता येईल अशा लहान कोठड्या आहेत आणि छताच्या खालच्या कडेला डोंगरातील पर्णकुट्यांत ध्यानस्थ बसलेल्या साधकांची ओळ आहे. ही ध्यानाचीच जागा, असे बहुतेकांना वाटत आले. स्टॅन्ली आबे यांनी १९९० मध्ये २५४ क्रमांकाच्या लेण्याच्या निमित्ताने या समजुतीबद्दल शंका उपस्थित केली, आणि रॉबर्ट शार्फ यांनी २०१३ मध्ये ती निकराने पुढे नेली. त्यांचे म्हणणे साधे आहे. लेण्यांत अंधार असतो, दिव्याच्या उजेडात भिंतीचा फार थोडा भाग दिसतो, वरची चित्रे तर दिसतच नाहीत. तेव्हा ही चित्रे ध्यानासाठी पाहावयाची होती हे संभवत नाही. दिवंगतांचे स्मरण आणि पुण्यदान यांच्याशी या लेण्यांचा संबंध त्यांना अधिक निकटचा वाटतो. शार्फ यांचा अंधाराचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. परंतु लेण्यांत ध्यान होतच नव्हते, असा अर्थ त्यातून कोणी काढू लागल्यास मी चित्तगुत्त स्थविरांकडे बोट दाखवीन. चित्र दिसत नसलेल्या अंधारात ध्यान करण्यास काय अडचण आहे? उलट सोयच आहे.

अजिंठ्यात ही विभागणी पायांनी अनुभवता येते. वाकाटक सम्राट हरिषेणाचा सचिव वराहदेव याने दिलेले १६ क्रमांकाचे लेणे किंवा त्याशेजारचे १७ क्रमांकाचे लेणे घ्या. ओसरीत उजेड आहे आणि तेथे चित्रे आहेत. आत मंडपात शिरले की विश्वंतर, सुतसोम, सिंहल यांच्या कथा भिंतींवरून पसरत जातात. गर्दीतले राजे, हत्ती, दासी, नौका, बाजार. एखाद्या जत्रेसारखा हा जनसंमर्द आहे. दान देणाऱ्याचे हात आणि ते पाहणाऱ्यांचे चेहरे येथे पुन्हा पुन्हा दिसतात. उपासकाला दानपारमिता सांगावयाची तर यापेक्षा चांगली जागा नाही. मग मंडपातून एखाद्या कोठडीत वाकून शिरावे. दगडाची उघडी भिंत, अंधार आणि शांतता. आज तरी तेथे चित्र दिसत नाही. सहलीला आलेले लोक कोठडीत डोकावतात, काहीच नाही म्हणून परत फिरतात. भिक्खूचे आयुष्य मात्र त्या काहीच नसलेल्या जागेत गेले.

१९५६ नंतर आपल्या समाजाने लेण्यांशी पुन्हा नाते जोडले. गावोगावचे लोक गाड्या करून अजिंठा, कान्हेरी, कार्ले येथे जातात, वंदना घेतात. या नात्यात चित्रे आणि शिल्पे आघाडीवर असणे स्वाभाविक आहे, कारण ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीशी थांबविले गेले त्यांना आपल्या पूर्वजांचे वैभव डोळे भरून पाहण्याचा अधिकारच आहे. नव्या तंत्राचाही मी विरोधक नाही. मोगाओच्या २२० क्रमांकाच्या लेण्यात ६४२ सालचा लेख आहे. त्या लेण्याची गोलाकार पडद्यावरची पूर्णाकृती प्रतिकृती हाँगकाँगमध्ये २०१२ मध्ये तयार झाली. मूळ लेण्यात पाहुण्यांच्या श्वासाच्या ओलाव्यानेही रंगांची हानी होते. अशा प्रतिकृतीमुळे चित्र दिसते आणि वाचतेही. देवडीतल्या चक्रापाशी नेमलेल्या त्या भिक्खूला असे साधन मिळाले असते तर त्याने ते आनंदाने वापरले असते.

मात्र ते देवडीत वापरले असते. मुंबईजवळ गोराई येथे २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या विश्व विपश्यना पगोड्याची रचना मला या दृष्टीने परंपरेशी प्रामाणिक वाटते. बुद्धचरित्राची मोठी रंगीत चित्रे तेथे वेगळ्या दालनात आहेत. आठ हजार साधक बसू शकतील अशा त्या विशाल घुमटाच्या आतील भिंती कोऱ्या आहेत.

आमच्या विहाराच्या समितीपुढे तरुणांची सूचना आली, तेव्हा मी माझे मत याच धर्तीवर लेखी कळविले. पुढील सभेत बराच वाद झाला. ध्यानाला नव्याने येणाऱ्या मुलांना कोऱ्या भिंतीचा कंटाळा येतो, हा तरुणांचा मुद्दा मला आजही पूर्णपणे खोडता आलेला नाही. अखेर पडदा बाहेरच्या सभागृहात लावावा आणि ध्यानकक्ष आहे तसा ठेवावा असे ठरले. १७ क्रमांकाच्या लेण्यातील चक्राची, गळालेले भाग ग्रंथांच्या आधारे भरून काढलेली, प्रत प्रवेशद्वारापाशी लावण्याचे काम सुरू आहे. ती येणाऱ्यांना समजावून सांगण्यासाठी दोन उपासिकांनी तयारी दाखविली असून त्यांचे वाचन सध्या सहसोद्गतावदानापर्यंत आले आहे.